आउट काढायचा रविवार

सकाळी साडेसहा

ओट्यावर पोतं अंथरलं आणि सामान मांडलं. निप्पल चावी, दोन पाने, पकड, कानस, शिलाई मशिनच्या तेलाची बुधली, टायर उचलायच्या चपट्या पट्ट्या, खडू आणि बांबूची एक कामटी. भात कापून झालाय, खळ्यावर झोडणी चालू आहे. या दिवसांत साखरशेतात रविवार आहे म्हणून कोणी उशिरा उठत नाही.

नववीतली एक मुलगी पाड्यावरून सायकल ढकलत घेऊन आली. मागचं चाक दर फेऱ्याला ब्रेकच्या रबराला घासतं, त्यामुळे चढाला पायडल मारवत नाही.

"गुरुजी, चाक डुलतंय. परवा तर जाम झालं."

"कधीपासून डुलतंय?"

"दिवाळीच्या आधीपासून."

म्हणजे सुट्टी गेली, शाळा सुरू झाली आणि ती तशीच ओढत राहिली. जव्हारला दुकानात न्यायचं तर सायकल जीपच्या टपावर टाकायची, माणसाचं भाडं वेगळं, सायकलीचं वेगळं, वर घरातल्या एकाचा रोज बुडतो. काम असतं तासाभराचं. मग सायकल भिंतीला उभी राहते आणि मुलगी पायी निघते. पायी निघाली की पहिला तास हुकतो, आल्यावर बोलणी बसतात, आणि पुढे काय होतं ते जव्हार-मोखाड्यात शिकवणाऱ्या कोणालाही सांगावं लागत नाही. माझं स्पष्ट मत आहे की या भागात चाकाचा आउट, म्हणजे रिंगचं डुलणं, काढता येणारा एक तरी माणूस प्रत्येक पाड्यावर हवा. ते काम अवघड नाही, फक्त आजवर कोणी हातात धरून शिकवलेलं नाही.

सात

लगेच चावी लावायची नाही. आधी चाक का डुलतंय ते बघायचं, कारण डुलण्याची कारणं तीन आणि तिन्हींचे उपाय वेगळे.

सायकल उलटी केली, सीट आणि हॅण्डल पोत्यावर टेकवलं. रिंग हातात धरून आडवी हलवून पाहिली. हलवताना एक्सलपाशी खटखट जाणवली असती तर दोष कोनचा. कोन सैल झाला की छर्र्यांना जागा मिळते आणि अख्खं चाक झुलतं. अशा चाकाचे आरे दिवसभर आवळत बसलं तरी काही साधत नाही. इथे खटखट नव्हती.

मग चाक फिरवलं आणि नजर टायरवर न ठेवता रिंगच्या काठावर ठेवली. टायर एखाद्या ठिकाणी नीट बसलेला नसला की तो डुलतो आणि रिंग मात्र सरळ फिरते. इथे रिंगच हलत होती. एका ठिकाणी चेनच्या बाजूला झुकत होती, चांगली बोटभर. म्हणजे खरा आउट.

एक्सलचे नट चिमट्यात घट्ट आहेत ना, तेही पाहून घेतलं. चाक चिमट्यातच तिरकं बसलेलं असेल तर ते एकाच बाजूला घासतं, पण सगळ्या फेऱ्यात सारखं घासतं. आउट असलेलं चाक एका जागी घासतं आणि उरलेल्या फेऱ्यात मोकळं सुटतं. कान देऊन ऐकलं तरी फरक कळतो. मुलीला डोळे मिटून ऐकायला लावलं. दुसऱ्याच फेऱ्याला ती म्हणाली, "एकदाच घासतंय, वालाच्या जवळ." वालाजवळच होतं.

आठ

चहा, नागलीची भाकरी, लसणाची चटणी. ती खायला नको म्हणत होती, पण तिची आई-वडील वीटभट्टीवर गेलीत आणि घरी आजीच्या भरवशावर आहे हे मला ठाऊक आहे. दिवाळी झाली, भात घरात आलं की इथली कितीतरी घरं भिवंडी-वसईकडच्या भट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परत येतात. पोरांना बरोबर नेलं की शाळा सुटते. मागे ठेवलं तर शाळा टिकते, पण मग घर ते शाळा हे अंतर त्या पोराचं एकट्याचं होतं. अशा वेळी सायकल म्हणजे घरातलं जाणतं माणूस आहे.

राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेपर्यंतच्या पाच किलोमीटरच्या आतल्या अंतरासाठी सायकल मिळते. जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके त्या कार्यक्रमात आहेत. या योजनेबद्दल मला मनापासून आदर आहे. तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेलं, तेव्हा त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात आणि गुरं चरायच्या कुरणात नेली. लहान मुलांसाठी ते बरोबरच होतं. नववी-दहावीची शाळा मात्र प्रत्येक अंगणात नेता येत नाही, तिथे मुलीलाच शाळेपर्यंत जावं लागतं, आणि तिची वेळ सायकल सांभाळते. म्हणूनच वाटतं, जिथे जिथे अशा सायकली आहेत त्या प्रत्येक शाळेत एक निप्पल चावी, दोन-तीन मापांचे डझनभर आरे आणि एक हवेचा पंप असायला हवा. खडूच्या खोक्याशेजारी मावेल एवढंच सामान आहे ते.

साडेआठ

हवा सोडली, चेन उतरवली, नट काढून चाक बाहेर घेतलं. टायर आणि ट्यूब काढून बाजूला ठेवली. रिंगच्या आतली पट्टी गंजानं खाल्ली होती. ती फेकून दिली, जुन्या ट्यूबची पट्टी कापून घालू.

जून ते सप्टेंबर इथला पाऊस आणि धुकं लोखंडाला सोडत नाही. निप्पल आणि आरा यांच्या आट्यांत गंज बसतो. कोरड्या निप्पलला जोर लावला तर निप्पल फिरत नाही, आरा पिळला जातो आणि तुटतो, नाहीतर निप्पलची चौकट घासून गोल होते आणि मग चावीच धरत नाही. म्हणून प्रत्येक निप्पलच्या तोंडाशी एक थेंब तेल आणि रिंगच्या आतून, निप्पलच्या डोक्याशी आणखी एक. एवढं करून चाक उन्हात ठेवलं. ऊन लागलं की तेल आत उतरतं.

तोवर आरे तपासले. जुन्या काळ्या सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० आरे असायचे. हिच्या मागच्या चाकाला ३६ आहेत, अठरा हबच्या चेनकडच्या थाळीतून निघालेले, अठरा पलीकडच्या. एकेक आरा बोटानं छेडत गेलो. घट्ट आरा टणकन बोलतो, सैल आरा भद्द वाजतो. वालाजवळ तीन आरे जवळपास मुके होते आणि त्यांच्यातला एक तुटलेला होता, बरोबर थाळीपाशी, जिथे त्याला वाक असतो तिथे. पलीकडच्या बाजूचा. दुखणं इथे होतं. पलीकडच्या बाजूनं ओढणाराच उरला नाही, तेव्हा चेनच्या बाजूच्या आऱ्यांनी रिंग आपल्याकडे खेचून घेतली.

"आपोआप कसा तुटला? मी तर पडले पण नाही."

प्रश्न चांगला होता. चाकाचे आरे खांबासारखे उभे राहून ओझं पेलत असतील असं वाटतं, पण एवढी बारीक तार ओझ्याखाली वाकून जाईल. त्या तारा आधीपासून ताणून बसवलेल्या असतात. चांगल्या बांधणीच्या चाकात एकेका आऱ्यावर ऐंशी-शंभर किलोपर्यंतचा ताण असतो. चाक फिरताना जो आरा जमिनीकडे येतो त्याचा ताण थोडा कमी होतो, वर गेला की परत येतो. २६ इंची चाकाचा घेर दोन मीटरच्या आसपास, म्हणजे किलोमीटरला सुमारे पाचशे फेरे. हिचं शाळेचं अंतर चार किलोमीटर. जाऊन-येऊन चार हजार वेळा तोच आरा सैल आणि घट्ट होतो. ताण पुरेसा असेल तर तो वर्षानुवर्षं हे सोसतो. सैल झालेला आरा मात्र वाकापाशी पुन्हा पुन्हा खालीवर होत राहतो आणि लोखंड थकतं. पडल्यामुळे आरे क्वचित तुटतात, बहुतेक तुटतात सैल राहिल्यामुळे. खडीच्या रस्त्यावर तर लवकरच.

हे ऐकून तिनं आपणहून सगळे आरे पुन्हा एकदा छेडले आणि आणखी एक सैल शोधून काढला. माझ्या कानातून तो निसटला होता.

साडेनऊ

तुटलेला आरा पलीकडच्या बाजूचा निघाला हे बरं झालं. चेनच्या बाजूचा असता तर फ्रीव्हील उतरवावं लागलं असतं, कारण आऱ्याचं डोकं थाळीच्या भोकातून घालायला तिथे जागाच राहत नाही. फ्रीव्हील उतरवायची किल्ली घरात नाही. ती गावात एक असली तरी पुरे.

जुना आरा दोन तुकड्यांतच मिळाला, तरी ते जोडून माप घेता आलं. डब्यातून तेवढ्याच लांबीचा निवडला. आरा घालताना अंदाज चालत नाही. थाळीवर एक आरा आतून बाहेर आलेला असतो, त्याच्या शेजारचा बाहेरून आत गेलेला. म्हणून शेजारचा बघायचा नाही, एक सोडून दुसरा बघायचा आणि हुबेहूब त्याची नक्कल करायची. तो कितव्या आऱ्याच्या वरून जातो, शेवटच्या आऱ्याच्या खालून जातो का, हे बघून त्याच वाटेनं नवा न्यायचा. ही तिरकी, एकमेकांना ओलांडणारी गुंफण जेम्स स्टार्ली या इंग्रज कारागिरानं १८७४ साली पेटंट केली. हबमधून सरळ बाहेर निघणारे आरे पायडलचा पीळ नीट पोचवत नाहीत, तिरके पोचवतात. दीडशे वर्षं झाली, साखरशेतच्या ओट्यावर आज तीच गुंफण आहे.

नवा आरा गुंफला, निप्पलमध्ये चार-पाच आटे धरवले, आवळला नाही.

दहा ते साडेबारा

आता मुख्य काम. चाक परत उलट्या सायकलीच्या चिमट्यात बसवलं, टायरशिवाय. बांबूची कामटी चिमट्याला सुतळीनं बांधली, टोक रिंगपासून दोन मिलिमीटरवर. दुकानात यासाठी लोखंडी स्टँड असतो. घरी कामटी पुरते, फक्त ती हलता कामा नये.

चावी फिरवायची दिशा हे पहिलं कोडं. चाकाच्या माथ्यावर असलेलं निप्पल वरून बघताना घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरवलं की आवळतं. तेच निप्पल चाक फिरवून खाली नेलं आणि वरूनच बघितलं, तर आवळायला उलट फिरवावं लागतं, कारण आता आपण त्याच्याकडे हबच्या बाजूनं बघतोय. हे डोक्यात ठेवत बसायचं नाही. प्रत्येक निप्पल माथ्यावर आणायचं आणि मगच चावी लावायची. मुलीला एवढा एकच नियम पाठ करायला सांगितला.

नवा आरा आधी शेजारच्यांइतका आवळला. टणकन बोलेपर्यंत. तेवढ्यानंच बोटभराचा आउट अर्धा झाला. मग चाक हळू फिरवलं, जिथे रिंग कामटीला लागते तिथे खडूची खूण केली. खुणेची लांबी साधारण चार आऱ्यांची. रिंग चेनच्या बाजूला झुकली आहे, तर त्या पट्ट्यातले चेनच्या बाजूचे आरे पाव फेरा सैल आणि पलीकडचे पाव फेरा घट्ट. नुसतेच आवळत गेलं तर रिंग सरळ होईलही, पण त्या जागी ती हबकडे ओढली जाईल आणि चाक चपटं होईल. बाजेचा सुंभ ताणताना एका अंगाला सोडावा लागतो आणि दुसऱ्या अंगाला ओढावा लागतो, तेच इथे.

पाव फेरा म्हणजे किती? निप्पलचा पूर्ण फेरा आऱ्याला अर्ध्या मिलिमीटरपेक्षा थोडा कमी ओढतो, म्हणजे पाव फेऱ्याला कागदाच्या एका पानाएवढा. एवढ्यानं काय होणार असं वाटतं आणि हात अर्धा-पाऊण फेरा मारतो. मग रिंग पलीकडे जाते, तिला परत आणावं लागतं, आणि तासाभरात सगळे आरे कमीजास्त होऊन बसतात. या कामात मी कोणालाही एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो ती ही: पाव फेरा मार, चाक फिरव, बघ, मग दुसरा पाव.

खूण पुसायची, फिरवायचं, नवी खूण. पहिली लांब होती, मग तीन आऱ्यांची झाली, मग दोन. मोठा आउट गेला की बारीक आउट दिसायला लागतात, जे आधी मोठ्याच्या आड लपलेले होते. एक पलीकडच्या बाजूला निघाला, तोही असाच काढला. अकराच्या सुमारास कामटी आणखी जवळ आणली. आता रिंग आणि कामटी यांच्यात पोस्टकार्ड जेमतेम शिरत होतं.

आडवा आउट आटोक्यात आला की उभा बघायचा. कामटी रिंगच्या बाहेरच्या काठासमोर आणली. जिथे रिंग हबपासून दूर जाते तिथे दोन्ही बाजूंचे आरे सारखेच थोडे आवळायचे, जिथे जवळ येते तिथे सारखेच सैल करायचे. दोन्ही बाजूंना सारखं केलं तर आडवा हिशेब बिघडत नाही. वालाजवळच रिंगला खड्ड्यात आपटल्याचा छोटा पोचा होता. पोचा लोखंडात पडलेला, आऱ्यांनी पूर्ण निघणार नाही. तो निघावा म्हणून त्या जागचे आरे फार सैल केले तर आठवड्यात तिथलाच आरा पुन्हा तुटेल. चालवताना जाणवणार नाही एवढा राहू दिला. ताण सगळीकडे सारखा असणं हे चाक देखणं फिरण्यापेक्षा महत्त्वाचं.

मध्येच खळ्यावरून दोन पोरं आली, एकाच्या हातात टायर नसलेली गंजकी रिंग. ती त्यांनी कुठून तरी उचलून काठीनं पळवायला आणलेली. तिचे चांगले सात-आठ आरे मी मागून घेतले. पोरांनी रिंग पळवायला परत नेली.

एक

भात, तुरीचं वरण, सुकट. जेवताना मुलीनं विचारलं, "मास्तर असून तुम्ही हे कुठे शिकलात?" तिला लक्ष्मणराव किर्लोस्करांबद्दल सांगितलं. तेही मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायचे. १८८८ साली बेळगावात किर्लोस्कर बंधूंचं जे सुरू झालं ते सायकलींच्या दुकानानं. लोखंडी नांगर आणि किर्लोस्करवाडी पुढची. तिला नांगर माहीत होता, सायकलींचं नवल वाटलं. शिक्षकानं हात तेलकट करण्यात आपल्याकडे काही नवं नाही एवढं तिच्या लक्षात आलं तरी मला पुरे.

अडीच

हा भाग बरेच जण सोडून देतात, आणि दोन दिवसांत चाक पुन्हा डुलायला लागतं. आरे आवळताना ते थोडे पिळलेही जातात आणि वाकापाशी नीट बसलेले नसतात. म्हणून समांतर जाणारे दोन-दोन आरे मुठीत धरून जोरानं एकमेकांकडे दाबायचे, असं चाकभर, दोन्ही बाजूंनी. दाबताना चाकातून कटकट आवाज येतो. तो पीळ सुटल्याचा. आवाज बंद झाल्यावर पुन्हा कामटी लावून बघितलं तर आउट थोडा परतला होता. चार निप्पलना पाव-पाव फेरा, पुन्हा दाबणं. दुसऱ्या वेळी कटकट आली नाही.

रिंगच्या आत बोट फिरवून पाहिलं. नव्या आऱ्याचं टोक निप्पलच्या डोक्यातून जरा वर आलं होतं. ते तसंच राहिलं असतं तर पहिल्याच खडीवर ट्यूब फुटली असती. कानशीनं सपाट केलं, वर ट्यूबची पट्टी घातली.

साडेतीन

आता चावी तिच्या हातात दिली. पुढच्या चाकालाही किंचित आउट होता, ब्रेकला लागण्याइतका नाही, शिकण्यापुरता. मी बाजूला पाटावर बसलो आणि मध्ये हात घालायचा नाही असं ठरवलं.

तिनं आधी कोन बघितला. मग डोळे मिटून ऐकलं, मग आरे छेडले. खडूची खूण केली आणि पहिलं निप्पल माथ्यावर आणून माझ्याकडे बघितलं. मी काही बोललो नाही. तिनं पाव फेरा मारला, चाक फिरवलं आणि खूण लांब झालेली दिसली. चुकीच्या बाजूचा आरा आवळला होता. तिनं तो परत सोडला आणि आरा थाळीपर्यंत बोटानं माग काढत नेला, तो कुठल्या बाजूचा आहे ते बघायला. त्यानंतर तिनं बोटानं माग काढल्याशिवाय एकाही निप्पलला चावी लावली नाही. ही रीत मी शिकवलेली नव्हती. ती माझ्या रीतीपेक्षा पक्की आहे, पुढे दुसऱ्यांना मी तिचीच सांगेन.

पाऊण तासात चाक सरळ झालं.

पाच

टायर-ट्यूब चढवली, हवा भरली, चेन बसवली, ब्रेकचे रबर दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर आणले. अंगणात दोन चकरा, मग रस्त्यावर. चढाला ती उभं राहून पायडल मारत गेली. उतारावरून येताना मागचा ब्रेक लावून दाखवला. घास नाही, झटका नाही.

सहा

जव्हारला जाणाऱ्याकडे द्यायची यादी तिच्याकडूनच लिहून घेतली: त्या मापाचे आरे एक डझन, निप्पल एक डझन, रिंगपट्टी दोन, निप्पल चावी दोन. एक चावी तिच्या पाड्यावर राहील, एक शाळेत द्यायची. तिच्या वर्गातल्या आणखी काही मुलींच्या सायकली भिंतीला लागल्या आहेत, त्यांची नावंही तिनं यादीच्या मागे लिहिली आणि प्रत्येकीपुढे दुखणं. एकीपुढे लिहिलंय, "टायर नीट बसला नाही, रिंग सरळ आहे."

नवा आरा आठवडाभरात थोडा सैल पडेल. पुढच्या शनिवारी शाळेतून येताना वाटेत थांबून तो छेडायचा आणि भद्द वाजला तर पाव फेरा. त्यासाठी सायकल इथे आणायची गरज नाही. आजची चावी तिलाच नेऊ दिली.

"गुरुजी, फ्रीव्हीलची किल्ली केवढ्याला मिळते?"

तीही यादीत घातली.